आसमा मला थांबवायची

मित्रांनो, माझ्या तडकलेल्या काचेवर जाऊ नका. मी आहे एक जुनं स्टॉपवॉच, पण चालायला एकदम चोख. मलकापूरच्या एका शाळेत मी वीस वर्षं शर्यती मोजल्या. देवानंद सर मला गळ्यात घालून मिरवायचे. मग मोबाइल आले आणि मी कपाटात फुटक्या लेझीमांखाली गेलो. निवृत्त होताना सरांनी मला त्यांच्या जुन्या धावपटूला दिलं. तीच आसमा. ती एमबीएच्या सीईटीची तयारी करत होती.

अडीच तासांत दोनशे प्रश्न! मला तर शर्यतच वाटली. पण तिच्या घरापुढेच अब्बांचं गाद्यांचं दुकान. "आसमा, गिऱ्हाईक आलं, बघ बेटा." ती मला थांबवायची. "आसमा, चहा ठेव." पुन्हा थांबवायची. चहा उकळेपर्यंत गणित डोक्यात सुटलेलं असायचं. शेवटी माझ्यावर दोन तास पंचवीस मिनिटं. ती खूश, मीही खूश.

मग बुलढाण्याला संगणकावर सराव परीक्षा झाली. त्रेसष्ट प्रश्न राहिले. घरी येऊन तिनं मला कापसाच्या ढिगावर भिरकावलं.

मैत्रीण समीक्षा आली. "काऊन वं, तोंड काऊन पाडलं?"

"माह्यं डोकंच चालत नाही. फॉर्म भरला, तेच चुकलं."

समीक्षानं मला उचललं. "हे मधात कितीदा बंद करते तू?"

"गिऱ्हाईक आलं की. चहा ठेवला की. दहा-बारा खेपा."

"मंग परीक्षेतबी चहा ठेवशील का?"

मी शरमलो. एवढे दिवस मी तिला खोटा वेळ दाखवत होतो.

हे सगळं दुकानातून ऐकलेल्या कादर अब्बांनी दुसऱ्या दिवशी मला दुकानात खिळ्याला टांगलं. "हे चालू हाय तोवर आसमाले कोनी हाक मारायची नाही." पहिला चहा त्यांच्याच हातून उतू गेला. गिऱ्हाइकानं पाणी मागितलं तर म्हणाले, "माठ तिथं हाय, घ्या." मी मात्र सलग धावलो. राहिलेले प्रश्न चाळीसवर आले, मग बावीस, मग सहा.

परीक्षेच्या दिवशी मला आत नेता येत नव्हतं. अब्बांनी परीक्षेच्या वेळेला दुकानातच मला सुरू केलं आणि हातातली गादी शिवायची सुई तशीच धरून समोर बसले. दोन तास बावन्न मिनिटांनी फोन आला. "अब्बा, सगळे झाले. एकबी नाही राह्यला." त्यांनी केवढा मोठा श्वास सोडला.

निकालात त्र्याण्णव पर्सेंटाइल आले. आसमा आता अमरावतीला शिकते.

मित्रांनो, मला पुसा, तेल घाला, असं मी म्हणणार नाही. घरात कुणी अभ्यासाला बसलं असेल, तर हाक मारू नका. चहा आपला आपण ठेवा. उतू गेला तर गेला.