फिरत्या घराच्या मागची जीप

मित्रांनो, दुबईहून लिव्याच्या वाळवंटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर तुम्हाला कधी एक मोठे पांढरे फिरते घर दिसले असेल, तर त्याच्या मागे लोखंडी दांड्याने जोडलेली आणि इंजिन बंद ठेवून निमूटपणे येणारी एक जुनी जीपही दिसली असेल. ती मी. माझ्यात कोणी बसलेले नसे. शेजारच्या गाड्यांतली लहान मुले मला हात करत, मग ड्रायव्हरच नाही हे लक्षात आले की घाबरून आईला सांगत. आई म्हणे, "अरे, ओढून नेतायत तिला." मुलांचे समाधान होई. माझे व्हायचे राहिले होते, पण मला कोण विचारतो?

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. जहाजातून मी दुबईजवळच्या जबल अली बंदरात उतरले आणि तिथून रास अल खैमाच्या डोंगरात, एका खडीच्या खाणीवर कामाला लागले. इंजिनियर, पाण्याचे कॅन, यंत्रांचे तुटलेले पट्टे, कधी ताप आलेला कामगार, जे असेल ते मी चढावर नेत असे. माझ्या मोठ्या गिअरच्या शेजारी एक छोटा दांडा आहे. तो ओढला की माझ्या चारही चाकांना एकदम जोर मिळतो. नव्या गाड्या रुतल्या की लोक मला बोलावत आणि माझ्या बॉनेटवर थाप मारत. मग ती थाप मारणारी माणसे करार संपवून आपापल्या देशी गेली. नव्या माणसांना थंडगार हवेची गाडी हवी होती. माझी रवानगी मोहिद्दीनभाईंच्या यार्डात झाली.

मोहिद्दीनभाई मूळचे रत्नागिरीचे. जुन्या गाड्या घ्यायच्या आणि विकायच्या, हा त्यांचा धंदा. त्यांच्या यार्डात छप्पर फक्त पुढच्या रांगेला होते आणि मी मागच्या रांगेत होते. उन्हाने माझा डॅशबोर्ड तडकला, टायरना भेगा पडल्या. पहिल्या उन्हाळ्यात मला फार वाईट वाटले. दुसऱ्या उन्हाळ्यात थोडे कमी. पुढे पुढे काही वाटेनासेच झाले, आणि ते बरेही वाटू लागले.

अशाच एका शुक्रवारी मुरलीधरराव, त्यांची पत्नी स्मिताताई आणि कॉलेजात शिकणारा मुलगा तनिष यार्डात आले. हे कुटुंब दुबईतल्या अल मनखूलला राहणारे. मुरलीधररावांची सगळी नोकरी जबल अलीच्या एका गोदामात गेली होती, ट्रक आणि ट्रेलर यांच्या सहवासात. निवृत्तीला आले तेव्हा त्यांच्या लक्षात आले की या देशात आपण आयुष्य काढले आणि पाहिला तो फक्त घर ते गोदाम एवढाच रस्ता. गावी परतण्याआधी सगळे पाहून घ्यायचे म्हणून त्यांनी एक जुने फिरते घर घेतले होते. आत पलंग होता, शेगडी होती, मोरीसुद्धा होती. पण एवढे धूड वाळूत किंवा डोंगरातल्या अरुंद वाटेवर नेता येत नाही. ते पक्क्या रस्त्याला उभे करायचे आणि पुढे छोट्या गाडीने जायचे. ती छोटी गाडी निवडायला ही मंडळी आली होती.

मोहिद्दीनभाईंनी आधी पुढच्या रांगेतली एक चकचकीत गाडी दाखवली.

"ही घ्या, मुरलीभाई. फुल ऑप्शन. बटन फिरवलं की फोर व्हील, खलास!"

"दिसायला छान आहे हो," मुरलीधरराव म्हणाले, "पण मला ती चारही चाकं जमिनीवर ठेवून ओढायची आहे. हिचं इंजिन बंद असताना गिअरबॉक्सला तेल मिळणार नाही. शंभर किलोमीटरमध्ये जळून जाईल."

दुसरी गाडी त्यांना फार जड वाटली. तिसरीचे पोट जमिनीला टेकायच्या बेतात होते. मग ते मागच्या रांगेत आले, वर्तमानपत्र अंथरून माझ्याखाली आडवे झाले, आणि उठून त्यांनी माझा छोटा दांडा मधल्या खाचेत टाकला. त्या खाचेत चाकांचा इंजिनाशी काही संबंध उरत नाही. चाके कितीही फिरली तरी आत काही हलत नाही, काही झिजत नाही. मुरलीधररावांचा चेहरा उजळला.

"हीच," ते म्हणाले.

"अहो, पण ओढायची कशाला?" मोहिद्दीनभाईंनी सहज विचारले. "घर तुम्ही चालवा, ही वहिनी आणतील की मागून. पेट्रोल कितीसं जाणार?"

मुरलीधरराव हात पुसत राहिले. स्मिताताई छपराच्या सावलीत उभ्या होत्या, त्यांनी मान वळवून शेजारच्या टायरच्या दुकानाकडे पाहिले. शेवटी तनिषच म्हणाला, "मॉम डझंट ड्राइव्ह, अंकल." त्याने ते अगदी प्रेमाने सांगितले.

स्मिताताई चहा घ्यायला आत गेल्यावर मुरलीधररावांनी मोहिद्दीनभाईंना हळू आवाजात खरे काय ते सांगितले. त्या वर्षानुवर्षे गाडी चालवत होत्या. इमारतीतली निम्मी मुले त्यांच्याच गाडीतून मराठीच्या वर्गाला जात. दोन वर्षांपूर्वी पहाटे अबू धाबीच्या रस्त्यावर दाट धुके होते आणि पुढे गाड्यांवर गाड्या आदळल्या होत्या. त्यात स्मिताताई चालवत होत्या ती गाडीही जाऊन धडकली. तनिष शेजारी बसला होता, त्याच्या मांडीचे हाड मोडले. आता तो ठणठणीत आहे, फुटबॉल खेळतो. चूक त्यांची नव्हती, कोणी त्यांना बोल लावला नाही.

"पण तेव्हापासून तिने स्टिअरिंगला हात लावला नाही," मुरलीधरराव म्हणाले. "आम्हीही विषय काढत नाही. उगाच त्रास नको तिला."

"बरोबर आहे," मोहिद्दीनभाई म्हणाले. "होईल सगळं ठीक, इन्शाल्ला."

अशी मी या घरात आले. मला नवे टायर मिळाले, पुढे लोखंडी दांडा जोडायला जागा मिळाली, मागे लाल दिवे मिळाले. मुरलीधररावांनी माझी काळजी घेण्यात काही कसर ठेवली नाही. काळजी घेण्यात ते कशातच कसर ठेवत नसत. भाजी आणायची तर ते स्मिताताईंना गाडीने नेत, दवाखाना असो की मैत्रिणीकडचे हळदीकुंकू, ते दाराशी हजर. स्मिताताई उठायच्या आत ते पाण्याचा ग्लास आणून देत. त्या "बरं" म्हणत. "चालेल" म्हणत. "तुम्ही म्हणाल तसं" म्हणत. फिरत्या घराच्या पुढच्या सीटवर त्या बसत आणि मी मागे बांधलेली असे. आम्ही दोघींनी मिळून फुजैरा पाहिले, हत्ता पाहिले, समुद्राकाठचे दोन-तीन मुक्काम पाहिले. काय पाहिले ते विचाराल तर मला नीट सांगता येणार नाही. त्यांनाही आले नसते. तनिष फोनवर विचारी, "हाऊ वॉज इट, मॉम?" आणि त्या म्हणत, "छान होतं रे."

हिवाळ्यात आम्ही लिव्याला गेलो. तनिषची परीक्षा होती, म्हणून दोघेच होते. पक्क्या रस्त्यालगत घर उभे केले, मला सोडवले, टायरमधली हवा कमी केली, आणि दुपारचा चहा झाल्यावर मुरलीधरराव स्मिताताईंना घेऊन वाळूत निघाले. मुरलीधररावांना रस्ता कळतो, वाळू कळत नाही. एका टेकडीच्या उतारावर त्यांनी वेग कमी केला आणि माझे नाक वाळूत गेले. त्यांनी जोर दिला. मी आणखी खाली गेले. पुन्हा जोर दिला. माझे पोट टेकले.

आसपास कोणी नव्हते. मुरलीधररावांनी फावड्याने चाकांपुढची वाळू उपसली, घाम पुसला, आणि मग ते जे म्हणाले ते मी विसरणार नाही.

"स्मिता, असं कर. मी चालवतो, तू मागून ढकल."

स्मिताताई मागे गेल्या. साठीला टेकलेली, गुडघे दुखणारी ती बाई वाळूत पाय रोवून मला ढकलू लागली. मुरलीधररावांनी जोर दिला आणि माझ्या मागच्या चाकांनी सगळी वाळू तिच्या अंगावर उडवली. चष्म्यावर, केसांत, तोंडात. ते आरशात बघून ओरडले, "अजून थोडं! यल्ला!" मला लाज वाटली. फार दिवसांनी मला काहीतरी वाटले, आणि ते हे.

स्मिताताई पुढे आल्या. तोंडातली वाळू थुंकून टाकली. त्यांनी खिडकीच्या काचेवर टकटक केले.

"उतरा."

"अगं, पण..."

"मी ढकलू शकते आणि चालवू शकत नाही, असं वाटतं का तुम्हाला?"

"तसं नाही गं. तुला नकोसं वाटत असेल म्हणून आम्ही..."

"कधी विचारलंत?"

मुरलीधररावांनी दार उघडले. ते उतरले. स्मिताताईंनी सीट पुढे ओढली, आरसा आपल्या उंचीला लावला, चष्मा ओढणीने पुसला. क्लच त्यांनी इतका पटकन सोडला की मी एकदा बंदच पडले. त्यांनी पुन्हा चावी फिरवली.

"ढकलायचं असेल तर पुढून ढकला," त्या म्हणाल्या. "आलो तसे मागे जायचं आहे. पुढे जाऊन कुठे जाणार होतात, खड्ड्यात?"

मुरलीधररावांनी ओढलाच नव्हता तो छोटा दांडा त्यांनी ओढला आणि मला रिव्हर्समध्ये टाकले. माझी चारही चाके एकदम वाळूला भिडली. मी हलले, अडखळले, पुन्हा हलले आणि आमच्याच येतानाच्या खुणांवरून मागे निघाले. मऊ वाळूत सुटल्यावर थांबता येत नाही, थांबले की पुन्हा रुतायचे. म्हणून स्मिताताई थांबल्या नाहीत. मान मागे वळवून, एका हाताने सीट धरून, त्या मला मागे मागे नेत राहिल्या. पुढच्या काचेत मुरलीधरराव फावडे हातात घेऊन उभे होते आणि लहान लहान होत गेले.

घट्ट जमीन लागली तेव्हा त्यांनी मला थांबवले. मुरलीधरराव धापा टाकत बऱ्याच वेळाने पोचले. त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांना वाटले असावे, आता ही रडेल, मोकळी होईल.

"काय वाटलं तुला?" त्यांनी विचारले.

स्मिताताईंनी थोडा विचार केला. "काही नाही," त्या म्हणाल्या. "फार भीती वाटेल असं वाटलं होतं. तशी नाही वाटली. हात दुखतायत." मग म्हणाल्या, "पाणी आहे का? नको, तुम्ही बसा, मी घेते."

मलाही फार आनंद झाला, असे मी इथे लिहिले असते तर तुम्हाला आवडले असते. तसे झाले नाही. इंजिन तापले होते, तेल फिरत होते, आणि बराच वेळ उलटे आल्यामुळे एका चाकातून आवाज येत होता. पण तो आवाज मला ऐकू येत होता, एवढे खरे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुरलीधररावांनी ओढायचा लोखंडी दांडा बाहेर काढला. स्मिताताईंनी माझी चावी घेतली.

"मी येते मागून."

"अगं, तीन-चार तासांचा रस्ता आहे."

"माहीत आहे मला."

ते निघाले. पण ते पुढे पाहतच नव्हते. आरशात माझ्याकडे पाहत त्यांनी घर इतके हळू चालवले की मागचे ट्रक हॉर्न वाजवू लागले. मी दोन पावले मागे राहिले की ते आणखी हळू होत. पहिल्याच पेट्रोल पंपावर स्मिताताई माझ्यातून उतरल्या आणि घराच्या खिडकीखाली जाऊन उभ्या राहिल्या.

"अहो, मागे काय बघताय सारखं? पुढे बघून चालवा. नाहीतर तुम्हीच ठोकाल कुणाला तरी."

त्या परत आल्या तेव्हा थोडेसे हसत होत्या. फार नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी असे गप्प झालेले असेल तर त्याची काळजी जरूर घ्या. त्याला पाणी द्या, त्याच्यासाठी दार उघडा. पण त्याच्या हातचे काम काढून घेऊन त्याला नुसते मागे बांधून नेऊ नका. 'तू चालवशील का?' हे एकदा तोंड उघडून विचारा. 'नाही' म्हटले तर म्हटले, पुढच्या महिन्यात पुन्हा विचारा. आमचे मुरलीधरराव फार प्रेमळ गृहस्थ आहेत. दोन वर्षांत त्यांनी तिच्यासाठी सगळे केले. ते एवढे मात्र त्यांनी कधी विचारले नाही. शेवटी तोंडात वाळू घेऊन तिलाच सांगावे लागले.