परक्या घरचा आवाज

म्हाताऱ्याला बाजारात सगळे तोफ म्हणायचे. लिलावाच्या हॉलमध्ये त्याने उभ्या जन्मात कधी माइक हातात धरला नाही. शेवटच्या रांगेत पेंगणारा माणूस त्याच्या आवाजाने दचकायचा, आणि दचकून हात हलला की म्हातारा तेवढ्यावरच त्याच्या गळ्यात एखादं मोडकं कपाट मारायचा. इशारा झाला की बोली झाली, हा त्याच्या हॉलचा कायदा. एकदा एका बाईने घाम पुसायला रुमाल वर नेला आणि पियानो घेऊन घरी गेली. तिने हात जोडले, रडली. म्हातारा म्हणाला, हॉलमध्ये घाम पुसायचा नसतो. ही गोष्ट तो घरी आलेल्या प्रत्येकाला जेवताना सांगायचा आणि शेवट यायच्या आधी स्वतःच हसायचा.

मग मेंदूत रक्ताची गुठळी अडकली आणि तोफ थंड पडली. हातपाय गेले, मान गेली, जीभ गेली. चमच्याने भरवलं तर गिळता येत होतं. डोळे फिरत होते. डोकं मात्र होतं तसंच राहिलं, आणि घरच्यांच्या दृष्टीने तेच सगळ्यात वाईट झालं.

यंत्र सुनेने आणलं. ती एका कंपनीचे सर्व्हर सांभाळायची, त्यामुळे असलं काही बसवणं तिच्या हातचा मळ होता. पलंगासमोर स्टँडवर स्क्रीन, स्क्रीनखाली डोळ्यांवर नजर ठेवणारा कॅमेरा. बुबुळ ज्या अक्षरावर थांबेल ते अक्षर उमटायचं, वाक्य पुरं झालं की यंत्र ते बोलून दाखवायचं. रोजच्या वाक्यांसाठी तिने मोठी बटणंही करून दिली. तिला वाटलं, म्हातारा त्यात पाणी, औषध, कूस बदला असलं काही साठवेल. त्याने साठवलंही. नंतर तो मोकळा सुटला. एका बटणावर ‘चहा गार आहे’. एकावर ‘माहेरी हेच शिकवलं का’. एकावर ‘नवऱ्याला बोलाव, तुझ्याने होणार नाही’. आणि वरच्या कोपऱ्यात, नजर सहज जाईल अशा जागी, लिलावातला जुना पुकारा, ‘एक वार’. हाक मारून उशीर झाला की ‘एक वार’. आणखी उशीर झाला की ‘दोन वार’. तिसरा वार काढायची वेळ त्याच्यावर कधी आली नाही. त्याआधी ती पदार्थ गॅसवर टाकून, ऑफिसची मीटिंग अर्धी सोडून धावत आलेली असायची.

त्याला एकच गोष्ट खुपायची. यंत्राचा आवाज बाईचा होता, बारीक, लिफ्टमध्ये मजला सांगणाऱ्या बाईसारखा. ‘माहेरी हेच शिकवलं का’ हे त्या गोड आवाजात आलं की शेजारची मुलं खिडकीखाली फिदीफिदी हसायची. म्हातारा ऐकायचा.

त्या दिवशी दुपारी भागीदार येणार होता. एके काळी हा भागीदार म्हाताऱ्याचा हातोडा घेऊन त्याच्या मागे उभा राहायचा, आता अर्धा हॉल त्याचा होता आणि उरलेला अर्धा त्याला हवा होता. मुलालाही विकायचंच होतं. इतकी वर्षं बापाच्या सावलीत बसून त्याला त्या जागेचा वास नकोसा झाला होता. सुनेला तर कधीपासून विकायचं होतं. हॉल गेला की हे घर सोडता येणार होतं आणि म्हाताऱ्याला चांगल्या शुश्रूषागृहात ठेवता येणार होतं, जिथे धावायला पगारी माणसं असतात. अडलं होतं ते म्हाताऱ्याच्या होकारावर. सही करता येत नाही म्हणून वकील स्वतः येऊन समोरासमोर होकार विचारणार होता. म्हातारा भेटीला तयार झाला तो एवढ्यासाठीच की भागीदाराच्या तोंडावर ‘नाही’ म्हणायचं होतं. आणि ते ‘नाही’ त्याला लिफ्टवालीच्या आवाजात म्हणायचं नव्हतं.

नवा आवाज त्याने स्वतःच डोळ्यांनी शोधून काढला होता. पुरुषी, भरदार, हॉल दणाणेल असा. आवाज चांगला होता, पण पॅकेज दुसऱ्याच लिनक्ससाठी बांधलेलं होतं. आता हे लिनक्स, म्हणजे यंत्र चालवणारी मूळ प्रणाली, काही एक घर नव्हे, ती भाऊबंदकी आहे. आजोबा एक, चुली वेगळ्या. एकाच्या चुलीवर चढणारं पातेलं दुसऱ्याच्या चुलीवर बसेलच असं नाही. या आवाजाला पायाच्या लायब्ररी नव्या लागत होत्या. यंत्रातल्या जुन्या होत्या, आणि यंत्रातले बाकीचे सगळे प्रोग्राम त्या जुन्यांवरच उभे होते. बसवायला गेलं की यंत्र नको म्हणायचं, आणि का नको तेही ओळीने सांगायचं. यंत्र घरातल्या माणसांपेक्षा सभ्य होतं.

यावर उपाय तिला येत होता. यंत्राच्या आत एक बंद खोली करायची, आवाज त्याच्या नव्या लायब्ररींसकट त्या खोलीत ठेवायचा, दाराला एक फट ठेवायची. दोघांचा एकमेकांना धक्का लागत नाही. त्याआधी सगळ्याची एक प्रत काढायची. सकाळी नाश्ता उरकून ती त्याच कामाला बसली. म्हाताऱ्याला तिने सांगितलं की वेळ लागेल, कारण हे दुसऱ्या घरचं आहे.

स्क्रीनच्या अर्ध्या भागात तिचं काम चाललं होतं, उरलेल्या अर्ध्यात त्याची अक्षरं. अक्षरं एकेक करून उमटायला लागली. ती काम थांबवून वाचत राहिली. मग लिफ्टवाली गोड आवाजात बोलली.

“दुसऱ्या घरचं आहे म्हणून काय झालं? तुलाही असंच आणून बसवलं. आधी कुरकुर केलीस. मग बसलीस.”

दारात नवरा उभा होता. तो हसला. मनात काही वाईट नव्हतं त्याच्या, हसू आलं म्हणून हसला. माणूस ठरवून हसला असता तर एखादे वेळी माफही करता आलं असतं.

तिने अर्धवट झालेली खोली पुसून टाकली. शांतपणे म्हाताऱ्याला म्हणाली की जबरदस्तीचाही एक पर्याय आहे, मिनिटात होईल. म्हाताऱ्याने विचारलं, मग इतका वेळ काय करत होतीस? नवऱ्याने विचारलं, काही होणार नाही ना? ती म्हणाली, “काय होणार?”

ऑफिसात एखाद्याने असं केलं असतं तर तिने त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. तिने प्रत काढली नाही. पॅकेजला हुकूम दिला की कोणी काहीही म्हणो, बस. यंत्राने शेवटचा इशारा दिला. लाल अक्षरांत लिहिलं होतं की असं केल्याने बाकीचे प्रोग्राम बंद पडू शकतात, नक्की करायचं का? ती ओळ म्हाताऱ्याच्या नाकासमोर होती. त्याला वाचता येत होतं. तिने हात कीबोर्डवर ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिली. तिने त्याला वाचायला पुरता वेळ दिला, हे मात्र कबूल करायला हवं.

म्हाताऱ्याची नजर वरच्या कोपऱ्यात गेली.

“एक वार,” लिफ्टवाली म्हणाली.

दुसरा वार यायच्या आत तिने बटण दाबलं.

आवाज बसला. चाचणीचं वाक्य आपोआप वाजलं, “नमस्कार. हा तुमचा नवा आवाज आहे.” काय आवाज होता! टेबलावरचा चमचा थरथरला. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. इतकी वर्षं घरात असूनही तिने त्याला असं कधी पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, आता डोळ्यांचा प्रोग्राम एकदा बंद करून चालू करते, म्हणजे झालं. बंद केला. तो पुन्हा चालू झाला नाही. होणारच नव्हता. त्याच्या पायाखालची जुनी लायब्ररी नव्या पाहुण्याने केव्हाच उखडून फेकली होती. अक्षरं गेली, बटणं गेली, नजरेमागे फिरणारा हिरवा ठिपका गेला. आता यंत्राला आवाज होता आणि म्हाताऱ्याला डोळे होते, पण दोघांमधली वाट बंद झाली होती.

नवऱ्याने विचारलं, आता? तिने सांगितलं की दुरुस्तीला दोन-चार दिवस तरी जातील. तिच्या कुर्त्याच्या खिशात पेन ड्राइव्ह होता. यंत्र पहिल्यांदा बसवलं तेव्हाची सगळी व्यवस्था त्यात होती, आणि म्हाताऱ्याने साठवलेली वाक्यं यंत्रात शाबूतच होती. लावला असता तर भागीदाराचा चहा होईपर्यंत लिफ्टवाली परत बोलायला लागली असती. तिने खिशात हात घालून त्याची कड अंगठ्याने चाचपली आणि हात बाहेर काढला. नवऱ्याने तो हात पाहिला. पुन्हा काही विचारलं नाही. नवरा-बायकोचं इतकं एकमत त्या घरात पूर्वी कधी झालं नव्हतं.

भागीदार वेळेवर आला, मागे वकील. यंत्र बिघडल्याचं ऐकून वकिलाने भेट पुढे ढकलायचं सुचवलं. नवरा म्हणाला, वाटल्यास बाबांच्या मनातलं मी टाइप करतो, यंत्र बोलेल. भागीदाराने हात झटकला. म्हणाला, यंत्राकडून कोणीही काहीही वदवून घेईल, मला उस्तादांकडूनच ऐकायचंय. मग त्याने खुर्ची ओढून पलंगाला टेकवली. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर वाकून, हॉलमध्ये गिऱ्हाइकाशी बोलावं तसा तो बोलला.

“उस्ताद, विकायचं असेल तर डोळे मिटा. नसेल तर उघडे ठेवा. साधा हिशेब.”

म्हाताऱ्याची बुबुळं वेड्यासारखी डावी-उजवीकडे पळायला लागली. वकिलाने विचारलं, हे काय म्हणताहेत? भागीदार म्हणाला, इकडेतिकडे बघण्याला आमच्याकडे बोली धरत नाहीत, उस्तादांचाच नियम आहे.

मग म्हाताऱ्याने बुबुळं थांबवली आणि डोळे सताड उघडे ठेवले.

त्याच्या डोळ्यांना कोरडेपणाचा त्रास होता. स्क्रीनकडे टक लावून लावून झालेला. डॉक्टरांनी थेंब दिले होते आणि दुपारचे थेंब घालायची वेळ टळून गेली होती. बाटली सुनेच्या मुठीत होती. ती पलंगाच्या उशाला उभी होती. तिने फक्त एवढंच म्हणायचं होतं, की थांबा, यांच्या डोळ्यांची आग होते, डोळे मिटले म्हणजे हो नव्हे. एका वाक्याचं काम. तिने बाटलीचं झाकण घट्ट केलं.

भागीदाराने पलंगाच्या लाकडी पट्टीवर बोट वाजवलं. “एक वार.”

डोळे लाल झाले. पापण्यांच्या कडा थरथरायला लागल्या. नवरा खिडकीबाहेर बघू लागला, तिथे बघण्यासारखं काहीही नव्हतं.

“दोन वार.”

डाव्या डोळ्यातून पाणी निघालं आणि कानात गेलं. पुसायला कोणी पुढे झालं नाही. बुबुळं हळूच वर वळली, उशाकडे, तिच्याकडे. म्हातारा तिला बोलावत होता. आज त्याच्याकडे बटण नव्हतं. ती जागची हलली नाही. घाम पुसणाऱ्या त्या बाईचा पियानो तिला आठवला. तो कोणी वाजवला असेल का, असं काहीतरी भलतंच तिच्या मनात येऊन गेलं.

पापण्या मिटल्या.

“तीन वार,” भागीदार म्हणाला आणि बोटाऐवजी मूठ आपटली. वकिलाने आपलं काम केलं. सगळे उठले. ती वाकली, म्हाताऱ्याच्या पापण्या दोन बोटांनी हलकेच उघडल्या आणि दोन्ही डोळ्यांत थेंब घातले. मायेने घातले, कोणी पाहिलं असतं तर गुणी सून म्हटलं असतं.

दिवेलागणीला नवरा हॉलवर गेला. तिने खिशातला पेन ड्राइव्ह काढून यंत्राला लावला. चहा उकळेपर्यंत जुनी व्यवस्था जाग्यावर आली. अक्षरं आली, बटणं आली, हिरवा ठिपका आला. म्हाताऱ्याने तो छोटा पेन ड्राइव्ह पाहिला. तो तिच्या खिशातून निघालेला पाहिला. त्याला सगळं समजलं, डोकं शाबूतच होतं.

ती समोर बसली. जे काही येईल ते ऐकायची तिची तयारी होती. शिव्या येतील, शाप येईल. ठिपका एकेका अक्षरावर थांबत गेला, बराच वेळ. मग लिफ्टवाली बोलली.

“वाचायला वेळ दिलास. मग दाबलंस. मीही असंच करायचो. पोराऐवजी तुला हॉलमध्ये न्यायला हवं होतं.”

त्या घरात आल्यापासून तिला मिळालेली ही पहिली शाबासकी. तिला किळस यायला हवी होती. ती थोडा वेळ किळसेची वाट बघत बसली. आली नाही. उलट गाल गरम झाले, शाळेत बक्षीस घेताना व्हायचे तसे.

ठिपका वरच्या कोपऱ्यात सरकला.

“एक वार.”

ती उठली आणि चहा गाळायला गेली.