गाळ्यातल्या आगगाड्या

शेखर गायधनीच्या घरात पहिली आगगाडी आली ती त्याच्या मुलीच्या, भाग्यश्रीच्या चौथ्या वाढदिवसाला. रुळांवर विजेवर धावणारी, खरीखुरी वाटावी अशी छोटी गाडी. भाग्यश्रीनं ती आठवडाभर फिरवली, मग तिच्या डब्यात बाहुली झोपवून बघितली. बाहुली मावेना, तेव्हा तिनं गाडीचा नाद सोडला. शेखरनं मात्र सोडला नाही. भाग्यश्री शिकली, लग्न होऊन हैदराबादला गेली, आणि जेल रोडवरच्या फ्लॅटमधली तिची खोली हळूहळू गाड्यांची झाली.

शेखरचं नाशिक रोडला मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरचे जळालेले पंप घेऊन शेतकरी यायचे, तो तांब्याची तार नव्यानं गुंडाळून त्यांना जिवंत करायचा. दिवसभर मोठ्या मोटारी आणि संध्याकाळी बोटभर लांबीच्या. खोलीत त्यानं प्लायवूडचं भलंमोठं टेबल केलं, त्यावर डोंगर केले, बोगदा केला, लहवितचं स्टेशन उभं केलं. पंचवटी एक्सप्रेसचे डबे बाजारात मिळेनात म्हणून साधे डबे आणून स्वतः रंगवले. ते दिवस फार सुखाचे होते. त्याची बायको मोहिनीसुद्धा कधी चहाचे कप घेऊन आत यायची आणि गाडी बोगद्यातून बाहेर येईपर्यंत उभी राहायची.

मग कधीतरी गाडी घसरली. फोनवर गाड्या जमवणाऱ्यांचा ग्रुप झाला. कोणाकडे काय आलं, कोण काय विकायला काढतोय, कुठं कुठलं इंजिन शेवटचंच उरलंय, सगळं रोज समोर दिसायला लागलं. शेखर घेत सुटला. टेबलावर जागा संपली, तेव्हा कपाटात. कपाट भरलं, तेव्हा पलंगाखाली. शेवटी त्यानं देवळाली गावात एका पिठाच्या गिरणीशेजारचा गाळा भाड्यानं घेतला आणि खोकी तिकडं रचायला सुरुवात केली.

"अहो, कधी पुरं होणार हे?" मोहिनी विचारायची.

"हा एक सेट झाला की झालं," शेखर म्हणायचा, आणि त्या वेळी त्याला ते खरंच वाटायचं.

पण घेतल्याचा आनंद आता कुरिअरवाला दाराशी येईपर्यंतच टिकायचा. खोकं हातात आलं की पुढचा विचार सुरू, ठेवायचं कुठं? कितीतरी खोक्यांची चिकटपट्टीसुद्धा निघाली नव्हती. रविवारी सकाळी जगातली माणसं मिसळ खायला बाहेर पडायची आणि शेखर गाळ्यावर. उंदीर लागले का बघ, वाळवी बघ, ओल शोषणाऱ्या पुड्या बदल, उन्हाळ्यात पत्रा तापला की डबे वाकतील म्हणून पंखा लावून ये. घरी आल्यावर टेबलावरची गाडी चालवायचं त्राण उरायचं नाही. मोहिनीनं विचारणं सोडून दिलं होतं. ती चहा घेऊन खोलीत यायचीही थांबली होती.

त्या वर्षी मोहिनीच्या भावाच्या मुलीचं, निकिताचं लग्न ठरलं. आत्याकडून पैठणी, हे मोहिनीनं निकिता शाळेत असतानाच कबूल केलेलं. दुकानातून नाही, येवल्याला विणकराच्या घरी जाऊन, मागावरची घ्यायची. मोहिनीनं रंग मनात कितीदा बदलले होते देव जाणे. निकिता आणि तिची आई परस्पर येवल्याला येणार होत्या. ठरल्या सकाळी शेखरनं गाडी काढली आणि दोघं निघाली. चांदोरी गेलं, निफाड गेलं. मोहिनी खिडकीची काच खाली करून द्राक्षबागा बघत होती, मध्येच गुणगुणत होती. असं तिला गुणगुणताना ऐकून किती दिवस झाले, असं शेखरच्या मनात आलं.

विंचूर आलं आणि फोन वाजला. गिरणीवाल्या ललिताताई.

"भाऊ, कुठं हाय तुम्ही? रस्त्याची पाइपलाइन फुटली. पाणी आत शिरतंय. तुमच्या गाळ्याच्या शटरखालून चाललंय बघा!"

शेखरनं गाडी कडेला घेतली. "ताई, चावी आहे ना तुमच्याकडं? उघडा, आणि जमेल तेवढं वर ठेवा. मी निघालोच."

फोन ठेवून तो मोहिनीकडे वळला. पुढं कांद्यानं भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग बाजार समितीकडं वळत होती.

"मला इथं सोडा," मोहिनी म्हणाली.

"इथं? अगं..."

"येवल्याची एस.टी. मिळेल आत्ता. वहिनी आणि निकिता वाट बघत असतील. तुम्ही जा."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर शेखरला सोपं गेलं असतं. ती पर्स आणि पाण्याची बाटली घेऊन उतरली, साडीचा पदर नीट केला आणि मागं न बघता स्टँडकडं चालू लागली. शेखरनं गाडी वळवली.

परतीचा तो रस्ता त्याला कधी एवढा लांब वाटला नव्हता. पुठ्ठ्याची खोकी, पाणी लागलं की खलास. मोटारी गंजणार, डब्यांवरचा रंग सुटणार. काय काय गेलं असेल, ते तो मनात आठवायला लागला. आधी आठवलं ते धुराड्याला पोचा आलेलं काळं वाफेचं इंजिन. ते घरी टेबलावर होतं. मग ज्याची मोटार त्यानं स्वतः भिंग लावून गुंडाळली होती ते निळं डिझेल. तेही टेबलावरच. पंचवटीचे डबे, भाग्यश्रीची पहिली गाडी, तेलाच्या टाक्यांची मालगाडी, सगळं घरीच. गाळ्यात काय होतं? एक हिरवं काहीतरी होतं. तपकिरी डबे होते, का तेही हिरवेच? डावीकडच्या थप्पीत खाली काय होतं? चांदोरीला ट्रॅक्टरमागं अडकल्यावर त्यानं डोळे मिटून बघितलं. त्याला नुसती खोकी दिसली.

देवळाली गावात पोचला तेव्हा पाणी बंद झालं होतं. रस्त्यावर चिखल होता. गिरणीच्या दारात ललिताताई पदर खोचून उभ्या. भिजलेल्या हातांना पीठ चिकटून त्याची कणीक झालेली. त्यांचे यजमान काळूभाऊ पायरीवर बसून धापा टाकत होते.

"भाऊ!" ललिताताईंचा चेहरा नुसता फुलला होता. "एक खोकं भिजू दिलं नाय बघा! सगळी आमच्या माळ्यावर चढवली. मोजून घ्या पाहिजे तर!"

शेखरनं वर बघितलं. गिरणीच्या माळ्यावर, छतापर्यंत, त्याची खोकी नीट रचलेली होती. कोरडी ठणठणीत. एकही गेलं नव्हतं.

अरेरे, सगळी वाचली.

ते इतकं स्पष्ट मनात उमटलं की तो दचकला. आपण मोठ्यानं तर बोललो नाही ना, म्हणून त्यानं काळूभाऊंकडं बघितलं. ते पाय पुसत होते. शेखरला स्वतःची लाज वाटली, पण मनात आलेलं मागं फिरेना. येताना सगळ्या रस्त्यानं तो घाबरला होता हे खरं. पण त्या भीतीच्या तळाशी एक आशा दबा धरून बसली होती. सगळं गेलं असेल, आता सुटलो, अशी. ती आशा आत्ता, खोकी सुखरूप बघून, मोडली होती.

"बसा भाऊ, तोंड उतरलं तुमचं," ललिताताई म्हणाल्या. "घाबरले ना लय?"

"हो," शेखर म्हणाला. "ताई, तुमचे उपकार कसे फेडू? तुमचं काही गेलं का?"

"आमचं काय, गव्हाची दोन पोती भिजली. आधी तुमचं उचललं ना. म्हटलं, भाऊंचं किंमती सामान." त्यांनी हात झटकले. "पोती काय, वाळवू. पण मोटारीत पाणी गेलंय. दुपारी लोकं दळणं न्यायला येतील."

आता मात्र शेखरला खरोखर मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथल्या एकाही खोक्यात काय आहे ते त्याला सांगता आलं नसतं, आणि त्यासाठी या बाईनं स्वतःचे गहू भिजू दिले होते.

त्यानं बाह्या वर केल्या. दुकानातल्या पोराकरवी हत्यारं मागवली, गिरणीची मोटार खोलली. पाणी काढलं, गुंडाळी पुसली, मोठा दिवा लावून सुकवली, बेअरिंगला ग्रीस भरलं. मोटार सुकेपर्यंत तो आणि काळूभाऊ दोघांनी मिळून गच्चीवर चादर अंथरून भिजलेले गहू पसरले. खाली येऊन त्यानं मोटार जोडली, खटका दाबला. गिरणी घरघरली आणि चालू झाली. ललिताताईंनी टाळी वाजवली. शेखर घामानं निथळत होता, शर्ट काळा झाला होता, आणि बऱ्याच दिवसांत त्याला एवढं हलकं वाटलं नव्हतं.

"ताई," हात पुसता पुसता तो म्हणाला, "खोकी आठवडाभर माळ्यावर राहू देता का? मग मी सगळी हलवतो."

"दुसरीकडं गाळा घेता का काय?"

"नाही. वाटून टाकतो."

बोलून गेल्यावर त्यालाच नवल वाटलं. पण बोललेलं खरं होतं.

तसाच, त्याच शर्टात, तो पुन्हा येवल्याला निघाला. विणकराच्या घरी पोचला तेव्हा ऊन उतरलं होतं. आतल्या खोलीत माग खटखटत होते. दिवसभर निवडून उरलेल्या दोन पैठण्या सतरंजीवर उलगडलेल्या आणि निकिता दोन्ही खांद्यांवर एकेक पदर घेऊन उभी होती. मोहिनीनं दारात शेखरला बघितलं. काळा शर्ट, विस्कटलेले केस. तिच्या हातातली साडी तशीच राहिली.

"काय झालं? सगळं गेलं?"

"नाही. सगळं नीट आहे."

मोहिनीनं डोळे मिटून मोठा श्वास सोडला. "बाई गं! विंचूरपासून जीव थाऱ्यावर नव्हता माझा. म्हटलं, त्यांच्या आयुष्याची हौस आहे, देवा, नीट राहू दे."

ती खोक्यांना कंटाळून उतरली असं शेखर समजत होता, आणि ती एस.टी.त बसून त्याच्या खोक्यांसाठी देवाला साकडं घालत होती.

निकितानं शेवटी जांभळी घेतली. मोहिनीच्या मनात मोरपिशी होती, पण जांभळी अंगावर टाकल्यावर पोरीचा चेहरा असा उजळला की प्रश्नच उरला नाही. वहिनी आणि निकिताला त्यांच्या गाडीत बसवून दोघं परत निघाली. गाव मागं पडल्यावर शेखर म्हणाला, "मोहिनी, तुला एक सांगायचंय. हसू नको."

"बरं."

"सगळं सुखरूप बघितलं ना, तेव्हा मला वाईट वाटलं."

मोहिनीनं त्याच्याकडं वळून बघितलं. पहिल्यांदा तिला कळलं नाही. मग कळलं, आणि ती हसायला लागली. आधी ओठ दाबून, मग पदर तोंडाला लावून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. शेखरलाही हसू आवरेना. त्याला गाडी कडेला घ्यावी लागली.

"अहो, आणि मी देवाला उपास बोलले!" ती म्हणाली. "आता मला उगाच उपास!"

"मी धरतो तुझ्याबरोबर."

जरा वेळानं तिनं विचारलं, "मग आता?"

"आता पुरे."

"पुरे म्हणजे किती? मागंही तुम्ही पुरे म्हणाला होता."

"गाळ्याकडं जाताना आठवून बघितलं. जी गाडी मला डोळे मिटून दिसली ती प्रत्येक घरी टेबलावर आहे. गाळ्यातली एकसुद्धा दिसली नाही. म्हणजे जेवढी माझी होती, तेवढी घरीच होती. बाकीची मी नुसती सांभाळत होतो."

मोहिनीनं बाटलीचं झाकण उघडून पाणी त्याच्या हातात दिलं.

गाळ्यातलं सगळं वाटून टाकतोय, असं शेखरनं ग्रुपवर लिहिलं, तर कोणाचा विश्वास बसेना. पुण्याचा महेश, ग्रुपमधला सगळ्यात जुना, त्यानं ताबडतोब फोन केला. "तब्येत बरी आहे ना रे? खरं सांग." शेखरनं सांगितलं, तब्येत उत्तम आहे. तरी महेश स्वतः बघायला आला, आणि जाताना त्याच्या गाडीत मागच्या काचेतून काही दिसेना इतकी खोकी भरली होती. संभाजीनगरहून दोघं आले. सिन्नरच्या एका शाळेच्या बाईंनी विज्ञानाच्या खोलीसाठी रूळ आणि दोन इंजिनं नेली. खोकी उघडताना एकच हिरवं इंजिन तीनदा निघालं. शेखरनं ते तीनदा, वेगवेगळ्या वर्षी, मोठ्या हौसेनं घेतलं होतं.

शेवटचं खोकं गेलं त्या दिवशी त्याला थोडी धास्ती होती. रात्री झोप येणार नाही, असं त्यानं धरून ठेवलं होतं. तो जेवला, थोडा वेळ टीव्ही बघितला आणि झोपला. सकाळी उठल्यावर त्याच्या लक्षात आलं की काल आपण काळजी करायचं विसरलोच.

दिवाळीच्या सुमारास दुपारी महेशचा फोन आला. "शेखर, कोलकात्याच्या एका कारागिरानं पितळेचं इंजिन केलंय. हातानं केलेलं, पुन्हा होणार नाही. पहिला फोन तुलाच. फोटो बघ."

शेखरनं फोटो बघितला. चाकं, दांडे, एकेक खिळा. काम खरोखर बघत राहावं असं होतं. त्यानं ते मोठं करून सगळ्या बाजूंनी न्याहाळलं आणि महेशला म्हणाला, "फार सुंदर आहे रे. तू घे. आलं की बघायला येतो."

फोन ठेवून तो जरा थांबला. कुठं काही टोचतंय का, ते बघत. काही टोचलं नाही.

"कोणाचा होता?" मोहिनीनं स्वयंपाकघरातून विचारलं.

"महेशचा. एक इंजिन होतं."

चकलीचा सोऱ्या हातात घेऊनच ती दारात आली. "मग?"

"चांगलं होतं," शेखर म्हणाला. "आण तो सोऱ्या इकडं, मी दाबतो. तुझा हात दुखला असेल."