बारा पावलं

तिने मागचं झाकण उघडायला नख लावलं, तसा वडिलांनी तिचा हात घट्ट धरला.

“सेल काढायचे नाहीत.”

“बाबा, बॅटरीची एकच रेघ उरलीय. नवे घालते.”

“आतली छोटी बॅटरी कधीच मेली. हे दोन काढलेस की सगळं पुसलं जाईल. एकेचाळीस जागांच्या खुणा आहेत त्यात.”

तिने हात मागे घेतला. तो जाडजूड जुना जीपीएस टेबलावर पडून होता. कधीतरी जिन्यावरून पडल्यापासून त्याचा अर्धाअधिक पडदा काळा झाला होता. आकडे दिसत असते तर कागदावर उतरवून घेतले असते आणि प्रश्न मिटला असता. आता एकच मार्ग होता. वायरीने तो कॉम्प्युटरला जोडायचा आणि सेलनी मान टाकायच्या आत सगळ्या खुणा ओढून घ्यायच्या.

घड्याळात सव्वा वाजला होता. तीन वाजता नाल्यावरच्या मोरीकडच्या रस्त्यावर केबलचा चर खणायला मशीन लागणार होतं. त्याच रस्त्याखालून हॉस्पिटलला जाणारी पाण्याची जुनी लाईन होती. पाणीपुरवठ्याचे नकाशे सांभाळायचं काम तिचं, आणि नेमका त्याच भागाचा नकाशा वाळवीने फस्त केला होता. सतरा नंबरच्या व्हॉल्व्हच्या चेंबरपाशी लाईन वळते एवढं ऑफिसात सगळे सांगत. ते चेंबर डांबराखाली कुठे गडप झालं, हे कोणालाच सांगता येत नव्हतं.

सांगू शकले असते ते वडील. तीस वर्षं त्यांनी गावभरचे व्हॉल्व्ह फिरवले होते आणि चेंबरांच्या जागा या जीपीएसमध्ये नोंदवल्या होत्या. पण गेल्या वर्षीच्या आजारपणानंतर त्यांच्या डोक्यात नंबरांची सरमिसळ झाली होती. सकाळी ते म्हणाले, सतरा मोरीपाशी. जेवताना म्हणाले, शाळेपाशी. खोदाईच्या परवानगीवर सही मात्र तिची होती. पाइप फुटला तर हॉस्पिटल कोरडं पडणार आणि ते तिच्या सहीने.

वायरीच्या एका टोकाला गोल तोंड होतं, दुसऱ्या टोकाला नऊ टाचण्यांचं चपटं. तसलं तोंड घेणारी जागा तिच्या लॅपटॉपला नव्हतीच. मधे लावायचा जोड तिने सकाळीच आणला होता. दुकानदार “चालेल हो” म्हणाला होता, आणि दुकानदाराचं ‘चालेल हो’ किती चालतं ते तिला ठाऊक होतं. तिने जोड लावला. लॅपटॉप टुणकन वाजला.

“यंत्र ओळखत नाही म्हणतोय.”

“त्याच्या जन्माच्या आधीचं आहे हे,” वडील म्हणाले. “कसं ओळखेल?”

जोडासाठीचं जुनं सॉफ्टवेअर शोधून घालण्यात अर्धा तास गेला. मग लॅपटॉपने जोडाला चौदा नंबर दिला, आणि खुणा वाचणारा जुना प्रोग्राम आठाच्या पुढे मोजतच नव्हता. तिने चौदाचा तीन केला. बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. जीपीएस ताकास तूर लागू देईना. कोपऱ्यातली बॅटरीची रेघ आता लुकलुकत होती.

“संपलं,” ती म्हणाली आणि तिने कपाळ धरलं. रडू येईल असं वाटलं, पण रडायलाही वेळ नव्हता.

“कॉम्प्युटरशी बोलायची सेटिंग बदललेली असणार. आण इकडे.”

“बाबा, मेनू दिसत नाही त्यावर.”

वडिलांनी जीपीएस हातात घेतला आणि डोळे मिटले. “तीनदा खाली. आत. एकदा खाली. आत.” शर्टाचं बटण लावताना नाकीनऊ आणणारा तो अंगठा एकदाही थरथरला नाही. “दाब आता.”

लॅपटॉपवरची पट्टी भरू लागली. बारा, वीस, पस्तीस. एकेचाळीस. पुढच्याच मिनिटाला जीपीएसचा पडदा पूर्ण विझला.

सतरा नंबरच्या खुणेचं नाव होतं: सतरा, मग एन, मग बारा.

“उत्तरेला बारा पावलं,” वडील लगेच म्हणाले. “नावाला सहाच अक्षरं बसायची त्यात. झाडाखाली याला उपग्रह सापडत नसत आणि चेंबर सगळी झाडांखाली. म्हणून उघड्यावर, हलणार नाही अशा वस्तूला पाठ टेकून उभं राहायचं. तिथून पुढे पावलं.”

नकाशावर खूण मोरीच्या दगडी कठड्याच्या टोकाशी पडली होती. झाडं रस्तारुंदीत गेली होती, कठडा होता. तिने हिशेब केला. पाऊण मीटरचं पाऊल, बारा पावलं, नऊ मीटर. चर कठड्यापासून साडेपाच मीटरवरून जाणार होता. तिचा जीव भांड्यात पडला. तिने खोदाईच्या मुकादमाला फोन लावला.

“लाईन नऊ मीटरवर आहे. तुमचा चर मोकळा.”

“मग आत्ताच लावतो, बाई. तीनची वाट कशाला बघायची?”

तिने चहा ठेवला. वडील विझलेला जीपीएस मांडीवर घेऊन बसले होते. आठवड्यात पहिल्यांदाच ते हसत होते.

“पाय दुखायचे तुझे. पण मोजणी एकदाही चुकली नाहीस.”

“कसली मोजणी?”

“पावलांची. मला जागेवरून हलता यायचं नाही, याला उपग्रह शोधायला वेळ लागायचा. मी उभा आणि तू चेंबरच्या झाकणापर्यंत चालायचीस. तिसरीची सुट्टी होती तुझी. पाऊल सारखं पडावं म्हणून आधी आठवडाभर इथे घरात चालवली होती तुला. दारापासून ओट्यापर्यंत सोळा.”

ती ऐकत उभी राहिली. मग खणातून टेप काढून तिने दारापासून ओट्यापर्यंत अंतर मोजलं. सात मीटर वीस. सोळाने भागलं, बाराने गुणलं. पाच मीटर चाळीस. चर साडेपाचवर.

चहा उतू गेला. तिने गॅस बंद केला आणि फोन लावला. तो नुसता वाजत राहिला. मशीनच्या घरघरीत कोणाला ऐकू जाणार? ती स्कूटर काढेपर्यंत वडील जीपीएससकट येऊन उभे होते. वाद घालायला सवड नव्हती. ते मागे बसले.

रस्त्यावरचं डांबर दूरवर फुटलं होतं. मशीनचा पंजा कठड्याच्या जवळ आला होता. ती दोन्ही हात वर करून त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

“थांबवा!”

“बाई, तुम्हीच म्हणालात ना नऊ मीटर?” मुकादम ओरडला.

“मी चुकले. बंद करा आधी.”

“मग आहे कुठे?”

तिने पिशवीत हात घातला. टेप ओट्यावरच राहिली होती. मागे वळून पाहिलं, तर वडील कठड्याच्या टोकाला पाठ टेकून उभे होते. विझलेला जीपीएस त्यांनी छातीशी आडवा धरला होता.

“ये,” ते म्हणाले. “इथून.”

ती त्यांच्या शेजारी गेली, टाच दगडाला लावली आणि निघाली.

“एवढं मोठं नाही. परत ये.”

ती परत आली. या खेपेला तिने पावलं लहान टाकली, मोठ्याने मोजत. मशीनवाल्याने इंजिन बंद केलं. बारावं पाऊल चरासाठी मारलेल्या पांढऱ्या रेघेपाशी पडलं.

मुकादम पहार घेऊन आला. तिच्या चपलेपासून वीतभर पुढे त्याने चार-पाच घाव घातले. डांबर उडालं आणि पहार लोखंडावर वाजली. मुकादमाने पहार बाजूला ठेवली.

“बाजूला व्हा, बाई,” तो मग हळूच म्हणाला. “झाकण मोकळं करतो.”

ती हलली नाही. बाबांनी ‘हो’ म्हटल्याशिवाय जागा सोडायची नसते, हे तिला आत्ता आठवलं होतं.