सुटलेला दोरा

मित्रांनो, शिलाई मशीनच्या सुईच्या जरा वर एक चपटी लोखंडी दांडी सारखी वरखाली होत असते. तिच्या टोकाला दोरा जाईल एवढं भोक असतं. ती दांडी मी. सुई दोरा घेऊन कापडाखाली उतरते, टाका पडतो आणि जास्तीचा दोरा मी मागे ओढून घेते. काम एवढंच, पण दर टाक्याला.

कारखान्यात मला घासून आरशासारखं गुळगुळीत केलं होतं. पुढे तीस वर्षं एका घरातल्या सासूबाईंच्या हाताखाली राबले. लोक त्यांच्या शिवणीवरून बोट फिरवून वाहवा करायचे. माझं नाव कुणी काढलं नाही, मलाही त्याचं काही वाटलं नाही.

मग सासूबाईंना मोतीबिंदू झाला आणि मशीन सुनेकडे आलं. हौशी पोर! तिने पहिलंच बाहेरचं काम मिळवलं, नर्सिंग शाळेच्या मुलींचे वीस अ‍ॅप्रन. पण दोरा ओवताना तिने मला वगळलं. दोरा थेट सुईत! मी रिकामीच वरखाली होत राहिले आणि कापडाखाली दोऱ्याचं घरटं झालं.

गुंता खाली, म्हणून सगळे खालीच वाकले. मिस्त्रीने बॉबिनची डबी बदलली आणि चालवून न बघताच पिशवी उचलली. पुन्हा गुंता! सुनेचा नवरा म्हणाला, "देऊन टाक भंगारात." अरे, जरा वर बघा ना! पण मला तोंड कुठे होतं?

"आवाज बदललाय गं मशीनचा," सासूबाई आतून म्हणाल्या.

"आई, म्हातारं झालंय तुमचं मशीन, दुसरं काय!" सून फटकन बोलली.

सासूबाईंनी दोन दिवस तोंड उघडलं नाही.

तिसऱ्या दिवशी नर्सिंग शाळेच्या बाई आल्या आणि एकही अ‍ॅप्रन झाला नाही म्हणून सगळं कापड उचलून घेऊन गेल्या. सून मशीनवर डोकं टेकून रडली. तेव्हा सासूबाई भिंत धरत आल्या. रिळापासून दोऱ्यावर बोट ठेवून पुढे सरकल्या आणि चाचपत माझ्यापाशी थांबल्या.

"अगं, हिच्यात ओवलाच नाहीस की!"

"मग दोन दिवस गप्प का बसलात?"

"तू विचारलंस का?"

सुनेने दोरा माझ्यातून ओवला. एका चिंधीवर सरळ, घट्ट शिवण पडली. अ‍ॅप्रनचं काम मात्र परत आलं नाही.

माझं डोकं अजून फिरतं, मित्रांनो. मशीन अडलं तर रिळापासून सुईपर्यंत दोऱ्याची वाट बोटाने तपासा. घरात जाणतं माणूस असेल तर त्याला विचारा, आणि त्यानेही रुसून बसू नये. मला बोलता येत नव्हतं. तुम्हाला तर येतं ना?