झुंबरअक्काचे शुक्रवार

झुंबरअक्काने कोपराने दार ढकललं आणि पदराने धरलेलं गरम ताट थेट कुंदाबाईच्या टेबलावर, बायबलच्या शेजारी टेकवलं. वरची थाळी उचलताच दाण्याच्या आमटीचा वास खोलीभर पसरला. भगर, आमटी, बटाट्याची भाजी आणि कडेला दोन शेंगदाण्याचे लाडू.

"तुना उपास शे ना आज? गरम शे तवलोंग खाई ले."

कुंदाबाई पांढऱ्या साडीच्या निऱ्या हातात धरून तशीच उभी राहिली. सत्त्याऐंशी सालचा उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे होता. एप्रिलचं अमळनेर सकाळी अकरालाच भाजून निघत होतं. बाराला चर्चमध्ये उपासना सुरू व्हायची होती आणि तिचा नवरा शांतवन सतरंज्या घालायला केव्हाच गेला होता. आजच्या दिवशी त्यांच्यात तीन वाजेपर्यंत पाण्याचा थेंबही चालत नसे. दवाखान्यातली नर्सची नोकरी, दोन बाळंतपणं, सगळं झालं, पण कुंदाबाईने हा दिवस कधी मोडला नव्हता. त्याचा तिला थोडा तोराच होता. आणि तो असू नये, हेही तिला ठाऊक होतं.

आणि इकडे अक्का! भिंतीला भिंत लागून सहा वर्षांपासूनची शेजारीण, सत्तरीची, तोंडाने फटकळ. तिच्याशी येशूबद्दल एक वाक्य धड बोलायला मिळालं नव्हतं. नाताळात दिलेली पत्रकं अक्काने 'कागद झकास शे' म्हणत पापडाच्या डब्यात तळाशी अंथरली होती. यंदा मार्चमध्ये मात्र अक्काचा मुलगा लोटन काविळीने अंथरुणाला खिळला. सलाइन लावायला, सुया टोचायला कुंदाबाईच जायची. "आमचा उपवासकाळ चालू आहे, अक्का. लोटनभाऊंसाठी मी शुक्रवार धरते," एवढंच ती तेव्हा बोलली होती. लोटन कालच गिरणीत कामावर हजर झाला होता.

ताट परत पाठवणं जिवावर आलं होतं. पण खोटं बोलणं आजच्या दिवशी तरी नको.

"अक्का, रागावू नका. आज आमच्यात काहीच खात नाहीत. तीनपर्यंत पाणीसुद्धा नाही."

"भगर बी नही?"

"नाही."

"चहा?"

"चहाही नाही."

"आनि बाकीना शुक्रवारले?"

"दिवसभर नुसतं पाणी. रात्री एकदाच जेवायचं."

अक्का हळूच खुर्चीवर बसली. तिने ताटाकडे पाहिलं, मग कुंदाबाईकडे.

"मंग मना सहा शुक्रवार वाया गयात."

"तुमचे?"

"तू पराया घरनी, मना लोटनकरता उपास धरस. मी माय व्हईसन लोळत पडू? मी बी धरात." अक्का बोटांवर मोजायला लागली. "पहिला शुक्रवारले साबुदाणानी खिचडी. दुसराले भगर. तिसराले रताळं, ते बी तुपमा तयेल..."

कुंदाबाईला हसू आवरेना. येशूच्या नावाने इतके चविष्ट शुक्रवार साऱ्या खानदेशात कुणी पाळले नसतील. पण अक्का हसत नव्हती.

"तुना देव म्हनी, हाई बाई पोटभर खास आनि उपास म्हनस. लोटनले परत काही व्हई गयं त?"

सहा वर्षं कुंदाबाई याच घडीची वाट पाहत होती. कृपेची, विश्वासाची वचनं तिच्या ओठांवर येऊन उभी राहिली. शांतवन असता तर त्याने एव्हाना बायबल उघडलंही असतं. पण अक्काच्या डोळ्यांतली भीती तिच्या रोजच्या ओळखीची होती. सुई पाहिल्यावर लहान मुलांच्या डोळ्यांत येते, तशी. तिथे आधी समजावत बसून भागत नाही.

तिने हात धुतले, खुर्ची ओढली, डोळे मिटले. लोटनचं नाव घेऊन हळू आवाजात आभार मानले आणि भगरीचा घास तोंडात घातला.

"काय करी राहिनी तू! तुना उपास!"

"उपासाचंच तर खातेय," कुंदाबाई म्हणाली. "तुमचे सगळे शुक्रवार पोचले त्याला, अक्का. खिचडीसकट. लोटनभाऊंना काही होत नाही."

पहिला घास गिळताना तिला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. दुसऱ्या घासाला आमटी फार छान झालीय असं वाटलं. अक्का पदर तोंडाशी धरून तिच्याकडे बघत राहिली आणि ताट स्वच्छ झाल्यावरच तिने मोठा श्वास सोडला.

पावणेबारा वाजले होते. कुंदाबाईने चूळ भरली, पिशवीत बायबल टाकलं आणि निघता निघता माठातून पाण्याचा पेला भरून अक्कापुढे धरला.

"घ्या, किती घामाघूम झालात."

अक्काने पेला बाजूला सारला.

"नको. मनामुळे तुना उपास मोडना ना? ऱ्हायेल मी पुरा करसू. तीन वाजालोंग थेंब बी लेवाव नही."

"अक्का, तुमचं वय काय, हे ऊन काय..."

"तू जाय व. उशीर व्हई राहिना."

अक्काने खुंटीवरची छत्री काढून तिच्या हातात दिली आणि स्वतः सावली बघून ओट्यावर मांडी घालून बसली. कुंदाबाई कोपऱ्यावर वळणार तोच मागून हाक आली.

"आनि तीन वाजनात का पयत ये व कुंदा! मना घरनं घड्याळ बंद शे."