टिनेके सायकल निवडते

उट्रेख्त स्टेशनाबाहेरून टिनेकेची सायकल तिसऱ्यांदा चोरीला गेली, तेव्हा तिने पोलिसांकडे तक्रारसुद्धा केली नाही. पहिल्या वेळी ती रडली होती, दुसऱ्या वेळी चिडली होती. या वेळी तुटलेल्या साखळीकडे बघून नुसती "बरं" म्हणाली आणि बसच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

ती दातांच्या कवळ्या बनवायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. प्रयोगशाळा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि बस अख्ख्या गावाला वळसा घालून जाणारी. घर आगगाडीने लांब, झाल्टबॉमेलला. नवरा बऱ्याच वर्षांपूर्वी दुसरीबरोबर दक्षिणेला राहायला गेला होता, मुलगा न्यूझीलंडला. पंचावन्न उलटलेल्या टिनेकेला संध्याकाळच्या गाडीत बसायला जागा मिळाली की दिवस चांगला गेला असं वाटायचं.

त्या संध्याकाळी जागा मिळाली ती दाराजवळच्या घडीच्या बाकावर. समोर एक उंच गृहस्थ गुडघ्यांमध्ये घडी केलेली सायकल धरून बसला होता. कितीतरी वर्षं ती त्याला बघत होती. उट्रेख्तला चढायचा, क्युलेम्बोर्खला उतरायचा. चेहरा ओळखीचा झाला म्हणून कोणी गाडीत बोलायला जात नाही. पण त्या दिवशी बसमध्ये उभं राहून तिचे पाय भरून आले होते.

"किती जड आहे हो ही?" तिने विचारलं.

"उचलून बघा ना."

तिने उचलली. "अगं बाई! सिमेंटची पिशवी आहे ही."

"जुनी आहे. आता हलक्या मिळतात. पण फार हलकी घेतली तर वाऱ्यात भेलकांडते." त्याने खिशातून ज्येष्ठमधाच्या खारट गोळ्यांची पुडी काढून तिच्यापुढे धरली. "तुम्हाला घ्यायचीय? स्टेशनपासून किती लांब जाता? वाटेत पूल आहेत? ट्रामचे रूळ लागतात? सायकल घेऊन जिने चढावे लागतात का?"

तिच्या रोजच्या वाटेबद्दल इतके प्रश्न आजवर कोणी विचारले नव्हते. ती उत्तरं देत राहिली आणि क्युलेम्बोर्ख कधी आलं ते कळलं नाही.

त्याचं नाव डाउवे. मूळचा फ्रीसलंडचा. पाटबंधाऱ्यांच्या कचेरीत कालव्यांचे नकाशे काढायचा. दुसऱ्या दिवशी तो विचार करूनच आला होता. लहान चाकांची घेतली तर घडी छोटी होते, कोणाच्या पायात येत नाही, पण ट्रामच्या रुळात चाक अडकायची भीती. मोठ्या चाकांची पळते छान, पण गर्दीत लोक शिव्या घालतात. घडी केल्यावर साखळी आतल्या बाजूला गेली पाहिजे, नाहीतर कोट काळा होतो. आणि घडी करूनही ती ढकलत नेता आली पाहिजे, कारण उट्रेख्तचा तो लांबलचक फलाट हातात ओझं घेऊन कोण चालणार?

ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला. टिनेके रोज एक सायकल नापास करत होती. एकीचं हँडल डगमगतं म्हणे. दुसरीची बिजागरी बोट चिमटेल. तिसरी पिवळी होती.

"पिवळ्या रंगात काय वाईट आहे?" डाउवेने विचारलं.

"मी दिवसभर दात बघते हो. आणखी पिवळं नको."

तो इतका मोठ्याने हसला की शेजारच्या मुलीने कानातले इअरफोन काढून वळून पाहिलं.

प्रयोगशाळेत शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या लूसला हे सगळं रोज ऐकावं लागायचं. एकदा ती मेणाचा दात कोरता कोरता म्हणाली, "टिनेके, नवरा निवडताना यातला पाव विचार केला असतास ना, तर आज सुखात असतीस."

"तेव्हा सल्ला द्यायला कोणी नव्हतं."

"आणि आता जो आहे, त्याचा सल्ला हवाय की तो हवाय?"

"तोंड सांभाळ," टिनेके म्हणाली. पण तिचे कान लाल झालेले लूसला दिसले.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी डाउवे गाडीला आला नाही. मडगार्ड प्लॅस्टिकचं बरं की लोखंडी, असा प्रश्न तिने दुपारपासून तयार ठेवला होता. तो प्रश्न तसाच घेऊन ती घरी गेली, सूप गरम केलं, आणि चमचा हातात धरून खिडकीशी उभी राहिली. तेव्हा तिला कळलं की आपल्याला सायकल नकोच आहे. सायकल घेतली की बोलायचं काय?

दुसऱ्या दिवशी तो आला. चेहरा उतरलेला होता. बसल्या बसल्या म्हणाला, "शनिवारी क्युलेम्बोर्खला या. ओळखीचं दुकान आहे. सोक्षमोक्ष लावून टाकू."

दुकानदार बेर्टुस जाडजूड, ग्रीसने माखलेला. "तुम्हीच का त्या?" तो म्हणाला. "हा माणूस दोन महिने माझं डोकं खातोय. ही दाखव, ती दाखव. स्वतःसाठी घेतली तेव्हा पाच मिनिटांत पैसे टाकून निघून गेला होता!"

टिनेकेने एक हिरवी सायकल बाहेर काढली आणि चौकात दोन फेऱ्या मारल्या. चाकं मधल्या मापाची. वारा तोंडावर येत होता तरी ती सरळ चालली. नापास करायला काही सापडेना.

"तुम्ही पाच मिनिटांत कशी काय घेतली?" परत आल्यावर तिने विचारलं.

डाउवे हिरव्या सायकलची घंटा उगाच पुसत राहिला. "मला एकच बघायचं होतं, लिफ्टमध्ये मावते का. माझी बायको, इमक्ये, नदीकाठच्या बंधाऱ्याच्या रस्त्यावर शुश्रूषागृह आहे, तिथे असते. विस्मरणाचा आजार. मी सायकल खाली ठेवून गेलो की ती घाबरायची, हा कोण पुरुष खोलीत शिरला म्हणून. सायकल बरोबर असली की सायकलवाला म्हणून ओळखते, घाबरत नाही. पलंगामागे उभी करतो." मग तो म्हणाला, "परवा तिला ताप होता. म्हणून गाडीला नव्हतो."

टिनेकेने हिरवी सायकल घेतली.

सोमवारपासून दोन सायकली दाराजवळ शेजारी शेजारी उभ्या राहू लागल्या. पहिले काही दिवस दोघं खिडकीबाहेर बघत बसायची. मग हळूहळू दुसरं बोलणं सुरू झालं: तिच्या मुलाचं, त्याच्या लहानपणच्या तळ्यांचं, तिथल्या गोठलेल्या पाण्यावर इमक्येबरोबर घसरत जाण्याचं. बोलता बोलता एकदा तो "तुला" म्हणून गेला. मग तिनेही "तुम्ही" सोडलं. झाल्टबॉमेलला उतरून सायकल उघडताना ती शब्द न उच्चारता नुसते ओठ हलवून "तू" म्हणून बघायची.

एप्रिलमध्ये नाशपातीची झाडं फुलली. डाउवे म्हणाला, "बंधाऱ्यावरून फार छान दिसतंय. आज उतरतेस माझ्याबरोबर?"

ती उतरली. एका बाजूला नदी, एका बाजूला पांढऱ्या बागा, आणि मधून दोघं. तिला वाटलं, हा रस्ता थेट समुद्रापर्यंत असाच जावा. शुश्रूषागृह मात्र लगेच आलं.

इमक्ये खिडकीशी बसली होती. बारीक अंगाची, केस नीट विंचरलेले. तिने टिनेकेचा हात हातात घेतला. "हात किती गार पडलेत! बसा." मग डाउवेकडे बोट दाखवून हळूच म्हणाली, "हे गृहस्थ रोज येतात. स्वभावाने चांगले आहेत. तुमचे का?"

डाउवे पलंगामागे सायकल लावत होता. तो वाकलेला तसाच राहिला.

टिनेकेने तिचा हात दाबला. "नाही हो," ती म्हणाली. "तुमचेच आहेत."

"माझे? काहीतरीच!" इमक्ये लाजून हसली, आणि पुन्हा एकदा त्याच्याकडे नीट बघून घेतलं.

टिनेके एकटीच स्टेशनवर परतली. समोरून वारा होता. एक गाडी तिने मुद्दाम जाऊ दिली आणि फलाटावर डोळे कोरडे होईपर्यंत बसून राहिली. आपल्याला जे हवंय ते त्या खोलीत पलंगाशेजारी बसलंय, तिथेच असायला हवं, आणि तो तिथे नसता तर आपल्याला इतका आवडलाही नसता, हे तिला लख्ख कळत होतं. कळून काही कमी होत नव्हतं.

उन्हाळा लागला तशी ती दर गुरुवारी क्युलेम्बोर्खला उतरू लागली. डाउवे इमक्येला जेवू घालतो, टिनेके तिचे केस विंचरते. इमक्ये दर वेळी नव्याने नाव विचारते. मग लिफ्टपर्यंत डाउवे सोडायला येतो आणि दार बंद होईपर्यंत उभा राहतो.

स्टेशनवरून तिकडे बंधाऱ्यावरून जाताना मात्र दोघं शेजारी शेजारी सायकल चालवतात, हँडलला हँडल लागेल इतकी जवळ. "वारा आहे, सावकाश जाऊ," डाउवे म्हणतो. नदीकाठचं पानही हलत नसतं तेव्हाही तो हेच म्हणतो, आणि टिनेके पेडलवरचे पाय सैल सोडते.